साखरेच्या कवचाचा वेध घेणारे ऑस्वाल्ड एव्हरी

ऑस्वाल्ड थिओडोर एव्हरी यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८७७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. १८८७ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीतील चर्चमध्ये राहावयास आले. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कॉर्नेट वाजवून लोकांना प्रार्थनेस बोलावण्याचे काम ऑस्वाल्ड आणि त्याचा थोरला भाऊ करीत. १८९२ या एकाच वर्षी भाऊ व वडील दोघेही निवर्तले. ऑस्वाल्डने महाविद्यालयात मुख्यतः मानव्यविद्यांचा अभ्यास केला, वक्तृत्वात नाव मिळविले आणि नंतर वैद्यकशास्त्राकडे वळून १९०४ मध्ये पदवी घेतली. काही वर्षे त्यांनी वैद्यकीय व्यवसायही केला; परंतु फुप्फुसाच्या रोग्यांसमोर वैद्य किती हतबल असतो, हे त्यांना फार लागले. ते प्रयोगशाळेत गेले ते कायमचेच. १९१३ पासून पुढील सुमारे पस्तीस वर्षे न्यूयॉर्कची रॉकफेलर संस्था हेच त्यांचे विश्व होते. ते अविवाहित राहिले.

प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या त्या काळी न्यूमोनिया हा अत्यंत घातक रोग होता. त्यास बहुधा कारणीभूत होणारा जीवाणू म्हणजे न्यूमोकॉकस. त्याचे काही वंश प्राणघातक, तर काही निरुपद्रवी. घातक जीवाणूभोवती एक बुळबुळीत कवच असते, निरुपद्रवी जीवाणूभोवती ते नसते. हे कवच कशाचे बनले आहे? १९१७ मध्ये एव्हरी व त्यांचे सहकारी डोशे यांना रुग्णांच्या रक्तात आणि मूत्रात जीवाणूने सोडलेला एक विरघळणारा पदार्थ सापडला. रसायनशास्त्रज्ञ हायडेलबर्गर यांच्या साहाय्याने १९२३ मध्ये त्याचा उलगडा झाला: तो पदार्थ प्रथिन नसून साखरेच्या रेणूंची लांब साखळी, म्हणजे पॉलिसॅकराइड होता. जीवाणूंचा प्रकार ओळखू येण्याइतके वैशिष्ट्य केवळ प्रथिनांतच असू शकते, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. तिसऱ्या प्रकारच्या न्यूमोकॉकसचे कवच ग्लुकोज आणि ग्लुकोजपासूनच बनणारे ग्लुकुरोनिक आम्ल यांचे आहे. ज्या साखरेवर हा जीवाणू जगतो, तिच्यापासूनच तो आपले चिलखत विणतो.

हे चिलखत काढून घेतले तर काय होईल? तरुण शास्त्रज्ञ रेने द्युबो यांनी मातीतील एका जीवाणूत असे विकर शोधून काढले, की जे नेमके हेच कवच विरघळविते. हे विकर टोचलेले उंदीर तिसऱ्या प्रकारच्या मारक जीवाणूंपासून वाचले. विकराने जीवाणू मरत नव्हता. तो केवळ उघडा पडत होता, आणि उघड्या पडलेल्या जीवाणूस शरीरातील भक्षक पेशी गिळून टाकीत होत्या.

दरम्यान १९२८ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. उष्णतेने मारलेले घातक जीवाणू आणि कवच नसलेले जिवंत जीवाणू एकत्र टोचले असता उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात कवचधारी जिवंत जीवाणू मिळाले. एव्हरींचा यावर प्रथम विश्वासच बसेना. पण इतरांनी, त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतही, ही गोष्ट पडताळली, तेव्हा मेलेल्या जीवाणूकडून जिवंताकडे नेमके जाते तरी काय, याचा शोध त्यांनी हाती घेतला. मधल्या काळात गलग्रंथीच्या आजाराने त्यांना बरेच क्षीण केले होते.

कॉलिन मॅक्लाउड आणि नंतर मॅक्लिन मॅकार्टी यांच्यासह हे काम चालले. पंचाहत्तर लिटर जीवाणूंच्या द्रवातून हाती लागे तो अवघा १० ते २५ मिलिग्रॅम तंतुमय पदार्थ. मग एकेक शक्यता वगळण्यात आली. साखरेचे कवच विकराने काढले, गुण कायम राहिला. प्रथिने पचविणारी विकरे वापरली, तरीही कायम. डीएनए नष्ट करणारे विकर घालताच मात्र तो नाहीसा झाला. म्हणजे जीवाणूस घातक करणारी वस्तू साखर असली, तरी पिढ्यान्‌पिढ्या चालणारी तिच्या घडणीची विद्या डीएनएमध्ये होती! फेब्रुवारी १९४४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा एव्हरी सहासष्ट वर्षांचे होते. निष्कर्ष मांडताना त्यांनी इतका संयम राखला, की अनेकांना त्याचे मोल उमगलेच नाही. नमुन्यात प्रथिनाचा अंश राहिला असावा, असा आक्षेप काहींनी वर्षानुवर्षे लावून धरला. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली, तेव्हा एव्हरी निवृत्त होऊन नॅशव्हिल येथे धाकट्या भावाच्या सान्निध्यात राहत होते. तेथेच २० फेब्रुवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. त्या पारितोषिकाच्या इतिहासातील ही मोठीच उणीव होय.

ज्या जनुकांचे कार्य एव्हरींनी पाहिले, ती आज अक्षरशः वाचता येतात. तिसऱ्या प्रकारात एक जनुक ग्लुकोजचे ग्लुकुरोनिक आम्लात रूपांतर घडविते, दुसरे त्यांची साखळी गुंफते. पेशीच्या नित्याच्या शर्करा-व्यवहारातील एखादे जनुक बिघडले, तरी कवच विरळ होते आणि मारकता घटते. गंमत अशी, की जाड कवच सर्वत्र लाभदायी नसते. नाकाच्या अस्तराला चिकटून राहावयाचे तर पातळ कवच सोयीचे, आणि रक्तात निभाव लागावयाचा तर जाड. त्यामुळे जीवाणूला साखरेचा खर्च जागा पाहून करावा लागतो.

एव्हरींच्या आणखी एका प्रयोगाचे फळ भारतातील बालकांना मिळत आहे. १९३१ च्या सुमारास त्यांनी व गोबेल यांनी कवचातील साखर प्रथिनाला जोडून टोचली, तेव्हा एकट्या साखरेला दाद न देणाऱ्या प्राण्याच्या शरीराने तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. तान्ह्या मुलांचे शरीरही नुसत्या साखरेला नीट प्रतिसाद देत नाही. म्हणून न्यूमोकॉकसची आजची बाललस अशा जोड-रेणूंचीच केलेली असते. २०१७ पासून ती आपल्या राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली, आणि या जातीची एक लस आता पुण्यातच तयार होते.