खिळे घासता घासता…

पाडव्याला नवं पंचांग आणून त्याची पूजा करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कित्येक घरांत ते ‘निर्णयसागर’चं असायचं. पण ‘निर्णयसागर’ छापखाना काढणारे जावजी दादाजी चौधरी आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहेत?

जावजींचा जन्म १८३९ चा, मुंबईतल्या एका गरीब घरातला. वडील लवकर गेले आणि दहाव्या वर्षीच पोर अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागलं. काम काय, तर खिळे घासायचे. खिळा म्हणजे छपाईसाठी शिशात ओतलेलं अक्षर. पगार महिना दोन रुपये. खेळायच्या वयात मुलाला राबावं लागलं, त्याचं कौतुक मी करणार नाही. कौतुक वाटतं ते त्याच्या नजरेचं. घासता घासता खिळा घडतो कसा, तेही त्यानं शिकून घेतलं.

काम फार नाजूक. पोलादी पट्टीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं शिसं ओतायचं. त्यात आपली लिपी काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरांची. म्हणजे शेकडो ठसे! एखादा केसभर चुकला, तरी ओळ वेडीवाकडी दिसणार.

पुढे आणखी काही छापखान्यांत नोकरी करून १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतायचा कारखाना काढला. अक्षरं कोरण्यात निष्णात असलेले मित्र राणोजी रावजी आरू सोबतीला होते. १८६९ मध्ये छापखाना उभा राहिला. घासण्यापासून इथवर यायला वीस वर्षं लागली! १८८६ पासून ‘काव्यमाला’तून जुने संस्कृत ग्रंथ निघू लागले. त्यांची सुबक, शुद्ध छपाई पंडितांनीही वाखाणली. १८९२ मध्ये जावजी गेले. मुलगा तुकाराम यांनी काम पुढे चालवलं.

आमच्या भांडगावच्या शिवणवर्गात तुरपाई उसवून पुन्हा घालायला सांगितली, की काही मुली यायच्याच बंद होतात. त्यांना धीर नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण घरी पैशांची नड असते. जावजींनाही होती, मात्र शिकता शिकता त्यांच्या हातात दोन रुपये पडत होते. म्हणून आता आम्ही साड्यांना फॉल लावायची कामं घेतो आणि मजुरी शिकणारीच्याच हातात देतो. टाका सरळ यायला वेळ लागणारच. तेवढा वेळ तिला मिळायला नको का?