बाकावरचा बाप

शनिवार हा वॉल्ट डिस्नेचा लेकींसाठी राखून ठेवलेला दिवस. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात लाकडी घोड्यांचे चक्र होते. डायना आणि शेरॉन त्या घोड्यांवर गोल गोल फिरत आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खात राही. तोवर मिकी माऊसचा हा जनक जगभर पोचला होता. पण त्या बाकावर तो इतर बापांसारखाच एक ताटकळलेला बाप होता. मुलांनी मजा करायची आणि मोठ्यांनी नुसत्या पिशव्या सांभाळायच्या, असे का? डिस्नेलँडचा उगम तो पुढे या बाकापाशीच सांगत असे.

आमच्या भंडाऱ्याकडच्या माणसाला या प्रश्नाचे जरा नवलच वाटेल. दिवाळी सरली की आमच्या गावोगावी मंडई भरते. पाळणे, फुगे, जिलेबी, दिवसा दंडार, रात्री नाटक. लेकी-जावई येतात, सोयरिकीही तिथेच जुळतात. मागच्या मंडईत अडीच वर्षांच्या नातवाला मी खांद्यावर घेऊन हिंडलो. तो टक लावून ढोलकीवाल्याकडे बघत होता आणि मी आकाशपाळण्याकडे. कोणी कोणाला फिरायला आणले होते, देव जाणे!

वॉल्टचे स्वतःचे बालपण मात्र फार लवकर आटोपले. जन्म 5 डिसेंबर 1901, शिकागोचा. पुढे मार्सलीन नावाच्या लहानशा गावी वडिलांनी शेती घेतली. तिथली चारेक वर्षे सुखाची. शेती बसली आणि कुटुंब कॅन्सस सिटीला आले. वडील एलायस कडक स्वभावाचे. त्यांनी वर्तमानपत्राची लाईन घेतली आणि पहाटेच्या बर्फात पेपर टाकण्याचे काम मुलांच्या गळ्यात आले. श्रीमंतांच्या ओसरीवर पडलेल्या खेळण्यांशी हा पोरगा घटकाभर खेळे आणि होती तशी ठेवून पुढे जाई, असे सांगतात. मला त्याच्या सगळ्या चरित्रात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. पहिली कंपनी 1923 साली दिवाळखोरीत गेली. खिशात चाळीसेक डॉलर घेऊन तो हॉलिवूडला आला. 1928 मध्ये त्याने घडवलेला ऑस्वाल्ड ससा वितरकाने कराराच्या जोरावर काढून घेतला, आणि त्याच वर्षी मिकी जन्मला. 1937 साली ‘स्नो व्हाइट’ आला. 1941 मध्ये स्टुडिओतल्या चित्रकारांनी संप केला, तो त्याने मनाला लावून घेतला. संघटनेच्या माणसांविषयीची अढी त्याने पुढे जाहीरपणे दाखवली. कलावंत म्हणून मोठा असलेला हा माणूस मालक म्हणून तेवढा मोठा नव्हता, असे माझे मत आहे.

पण या कथेतला माझा माणूस वेगळाच आहे. वॉल्टचा थोरला भाऊ रॉय. हा कॅन्सस सिटीच्या एका बँकेत टेलर होता, म्हणजे आमच्या जातकुळीचा! क्षयाने आजारी होऊन तो लॉस एंजेलिसच्या इस्पितळात पडला होता. तिथून उठून तो धाकट्याच्या धंद्यात आला आणि जन्मभर हिशेब सांभाळत राहिला. उद्यानाची कल्पना त्याला मुळीच पटली नव्हती. आयुष्य बँकेत काढलेल्या मला त्याचे मन कळते. अनुभव शून्य, तारण अपुरे, आणि उत्पन्न काय, तर लोक येतील ही आशा! वॉल्टने विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, सुटीतले घर विकले. 1953 च्या सप्टेंबरात एका चित्रकाराला शनिवार-रविवार बसवून उद्यानाचा नकाशा काढून घेतला. तो नकाशा घेऊन न्यूयॉर्कला पैसे उभे करायला गेला कोण? तोच नाराज रॉय. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पाच लाख डॉलर घातले आणि पंचेचाळीस लाखांच्या कर्जाला हमी दिली. बदल्यात डिस्नेने कार्यक्रम करून द्यायचा होता.

अ‍ॅनाहाइमच्या 160 एकर संत्र्यांच्या बागांत 1954 च्या जुलैत काम सुरू झाले. (नागपूरकरांनी इथे एक उसासा टाकावा.) बाहेरचे जग दिसू नये म्हणून भोवती मातीचा बांध घातला. आत शिरताच जो रस्ता लागतो तो मार्सलीनच्या आठवणीतून उतरलेला. घरांचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे, म्हणजे रस्ता घरगुती वाटावा. आई-बापांनाही मुलांसोबत बसता येईल अशी वाहने केली.

17 जुलै 1955, रविवार. निमंत्रितांचाच दिवस, पण खोट्या तिकिटांवर हजारो आत घुसले. उन्हाने ताजे डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळे पाणपोया आणि संडास यांतले एकच वेळेवर होणार होते. वॉल्टने संडास निवडले. लहान मूल बरोबर घेऊन जो कधी बाहेर पडला आहे, तो या निर्णयाला नावे ठेवणार नाही! वर्तमानपत्रांनी झोडपले खरे, पण सात आठवड्यांत दहा लाख माणसे येऊन गेली. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर 1984 साली आणि गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 साली आले, तेव्हा त्या रविवारला तीसेक वर्षे होत आली होती.

15 डिसेंबर 1966 रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने वॉल्ट गेला. फ्लोरिडातल्या दुसऱ्या, कितीतरी मोठ्या उद्यानाचे काम तेव्हा कागदावरच होते. निवृत्तीला टेकलेल्या रॉयने ते अंगावर घेतले. 1 ऑक्टोबर 1971 ला दारे उघडली. नाव नुसते डिस्ने वर्ल्ड ठरले होते. रॉयने त्यात भावाचे पहिले नाव घालायला लावले. त्यानंतर तीन महिने व्हायच्या आतच, 20 डिसेंबरला, तोही गेला.