रेव्हरंड ना. वा. टिळक : भक्तीचा संसार

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील कठोर स्वभावाचे होते. आई भक्तिपर काव्याची गोडी असलेली होती; तिचे छत्र त्यांच्या कोवळ्या वयातच हरपले. पुढे नाशिकचे शिक्षण, मनकर्णिका गोखले (पुढे लक्ष्मीबाई) यांच्याशी विवाह आणि पोटासाठी अनेक गावी केलेली मास्तरकी, असा त्यांचा पूर्वायुष्याचा अस्थिर क्रम आहे. या अस्थिरतेमागे केवळ दारिद्र्य नव्हते, देवाचा शोधही होता, हे ध्यानात न घेतल्यास त्यांचे पुढील वर्तन निव्वळ लहरी वाटू लागते.

नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत मात्र घरातील माणसांना मोजावी लागली. लक्ष्मीबाई लहान मुलासह माहेरच्या नातलगांकडे राहिल्या. काही काळ पंढरपुरात गेला. सुमारे पाच वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या, परंतु त्या पतीच्या आग्रहाने नव्हे, तर स्वतःच्या मनातील सोवळ्याओवळ्याचा गुंता स्वतःच सोडवून. ईश्वरावरील प्रेम आणि माणसांवरील प्रेम यांचा असा उघड विरोध टिळकांच्या वाट्याला आला, ही गोष्ट त्यांच्या भक्तिकाव्याचा विचार करताना बहुधा बाजूला राहते. वास्तविक त्यांच्या अभंगांतील आर्तता केवळ परंपरेतून आलेली नाही. तिला या विरहाचीही जोड आहे.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य करताना त्यांना एक विसंगती तीव्रतेने जाणवली. एतद्देशीय ख्रिस्ती माणूस घरात मराठीत हसे, भांडे, रडे. देवापुढे उभा राहताच मात्र त्याला पुष्कळदा इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गावी लागत. प्रेम परक्या भाषेत व्यक्त होत नाही, ही जाणीव टिळकांच्या पद्यरचनेच्या मुळाशी आहे. त्यांनी ओवी, अभंग आणि भजन ही रूपे जवळ केली व कीर्तनाचा उपयोग केला. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या वाटेने आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या गीतांत देव सिंहासनावरचा राजा क्वचितच असतो. तो बहुधा माउली, सखा, गुरू असतो. त्यामुळे ही गीते रविवारच्या उपासनेपुरती उरली नाहीत. ती घरातल्या सांजप्रार्थनेत आणि खेड्यापाड्यांतील भजनी मेळ्यांत जाऊन पोहोचली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासना संगीतात त्यांचा वाटा आजही मोठा आहे. वाङ्मयेतिहासात मात्र ‘फुलामुलांचे कवी’ हीच ओळख अधिक रूढ झाली, आणि ती अपुरी आहे.

१९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्यही त्यांनी याच सुमारास हाती घेतलेले होते. फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’नंतर (१६१६) एवढी मोठी आकांक्षा मराठी ख्रिस्ती काव्यात दुसरी आढळत नाही. ते मात्र त्यांच्या हातून पुरे झाले नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले व संन्यस्त वृत्ती पत्करली. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. मिशनरी वर्तुळात ही कल्पना धाडसाची ठरली. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्याने आपले गणगोत तोडलेच पाहिजे काय, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता. १८९५ चा अनुभव पाहता तो त्यांना का पडला असेल, हे उघड आहे. एक बारकावा येथे नोंदवावयास हवा : संन्यास टिळकांनी घेतला, पण संसाराचा भार पुन्हा लक्ष्मीबाईंवरच आला.

दरबारास फार आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. ‘ख्रिस्तायना’चे जेमतेम दहा-अकरा अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि १९३८ मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ते प्रसिद्ध झाले. टिळकांनीच जिला लिहावयास-वाचावयास शिकविले, त्या पत्नीच्या हातून हे काव्य पूर्णत्वास गेले.