बॅरिस्टर महंमदअली करीम छागला



मानाची जागा मिळवायला कष्ट लागतात. ती सोडायला धैर्य लागते. छागलासाहेबांजवळ दोन्ही होते.

१९०० साली मुंबईत जन्मलेले छागला ऑक्सफर्डला शिकून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. वकिलीचे धडे त्यांनी जीनांच्या हाताखाली गिरवले. पण १९२८ साली नेहरू अहवालावरून मतभेद होताच त्यांची साथ सोडली. मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात त्यांनी अध्यापनही केले. १९४१ मध्ये ते न्यायाधीश व १९४७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. १९५८ साली मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांनी उघडपणे चालवली आणि अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले.

१९६३ साली ते केंद्रीय शिक्षणमंत्री झाले. कोठारी आयोग त्यांच्याच कारकिर्दीत, १९६४ मध्ये नेमला गेला. पुढे परराष्ट्रमंत्री असताना, विद्यापीठांतून इंग्रजी घाईने हटवून प्रादेशिक भाषा आणण्याचे धोरण त्यांना पटेना. १९६७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

मी मराठीतून शिकवतो. भाषेबद्दलचे त्यांचे मत मला सर्वस्वी पटत नाही. तरीही, मुलांनो, मनाविरुद्ध मान डोलावून पद टिकवणे त्यांनी नाकारले, हे विसरू नका. १९८१ साली ते निवर्तले. पालकहो, मुलाला वकील जरूर करा. पण ‘नाही’ म्हणण्याची हिंमत त्याला घरातच शिकवा.