संत बेनेडिक्ट : नियम आणि माया

इटलीत रोम आणि नेपल्स या नगरांच्या दरम्यान माँते कॅसिनो नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरील भव्य मठाच्या दर्शनासाठी यात्रेकरू आजही वळणावळणाचा घाट चढून जातात. इ. स. ५२९ च्या सुमारास हा मठ स्थापन करणारे संत बेनेडिक्ट हे पाश्चात्त्य मठजीवनाचे जनक मानले जातात.

त्यांचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास नर्सिया येथील एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. विद्यार्जनासाठी ते रोमला गेले. परंतु तेथील स्वैर जीवन पाहून त्यांचे मन विटले. सुबियाकोच्या निर्जन गुहेत त्यांनी तीन वर्षे तप केले. रोमानस नावाचा एक साधू स्वतःच्या घासातला घास काढून तो दोरीने खाली सोडीत असे. पुढे एका मठातील साधूंनी त्यांना आग्रहाने आपले प्रमुख केले. पण त्यांची शिस्त जाचक वाटताच त्याच साधूंनी त्यांच्या पेल्यात विष कालवले. बेनेडिक्टांनी क्रुसाची खूण करताच तो पेला भंगला, अशी कथा आहे. मनात रोष न धरता त्यांनी त्या सर्वांना क्षमा केली व ते पुन्हा एकान्तात निघून गेले.

माँते कॅसिनोवर त्यांनी ७३ प्रकरणांची नियमावली सिद्ध केली. प्रार्थना, पठण आणि अंगमेहनत ही तिची त्रिसूत्री होय. मठातील साधी अवजारेही पूजापात्रांप्रमाणे जपावीत, अशी तिची शिकवण आहे. दारी आलेल्या अतिथीत ख्रिस्त पाहावा, मठाधिपतीने स्वतः त्याचे पाय धुवावेत, प्रसंगी त्याच्यासाठी आपला उपवास सोडावा आणि दीनांच्या व यात्रेकरूंच्या स्वागतात अधिक तत्पर राहावे, असे ती सांगते. अतिथीच्या ठायी देव मानणाऱ्या आपल्या घरांना हा नियम परका वाटू नये.

अशा या नियमकर्त्याची खरी कसोटी लागली ती बहिणीच्या भेटीत. स्कोलास्टिका हीही बालपणापासून ईश्वरचरणी वाहिलेली. वर्षातून एकदा मठापासून जवळच्या एका घरी ही भावंडे भेटत. अखेरच्या भेटीत सांज झाली, तेव्हा रात्रभर ईश्वरचिंतनात येथेच राहावे, अशी बहिणीने विनवणी केली. रात्री मठाबाहेर राहणे नियमात बसत नव्हते. भावाने नकार दिला. तिने हात जोडून मस्तक लववले आणि निरभ्र आकाशातून धो धो पाऊस कोसळू लागला. प्रथम बेनेडिक्टांनी तिला बोल लावला. परंतु पाऊल बाहेर टाकणेच अशक्य झाले. ती रात्र दोघांनी ईश्वराच्या गोष्टींत जागून काढली. तिसऱ्या दिवशी स्कोलास्टिकेने देह ठेवला. या प्रसंगी बहिणीची माया अधिक होती, म्हणून तिचेच सामर्थ्य मोठे ठरले, असा निर्वाळा बेनेडिक्टांचे चरित्र लिहिणाऱ्या पोप ग्रेगरींनी दिला आहे.

बेनेडिक्टांनी स्वतःसाठी सिद्ध केलेल्या समाधीत बहिणीला ठेवविले. परंपरेनुसार इ. स. ५४७ मध्ये, शिष्यांच्या आधाराने उभे राहून प्रार्थना करीत असता, त्यांनी प्राण सोडले आणि त्यांनाही तेथेच विसावा मिळाला.

आक्रमणे व भूकंप यांनी हा मठ अनेकदा उद्ध्वस्त झाला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात त्याचा ढिगारा झाला. तरी तो पुन्हा उभारला गेला आणि १९६४ मध्ये त्याचे पुनर्पावन झाले. मुख्य वेदीखाली ती भावंडे आजही एकाच समाधीत विसावली आहेत, असे मानले जाते.