एगॉन शीले
एगॉन शीले (१२ जून, १८९० – ३१ ऑक्टोबर, १९१८) हे ऑस्ट्रियातील अभिव्यक्तिवादी चित्रकार होते. व्यक्तिचित्रे आणि आत्मचित्रे यांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत. कलासमीक्षक आर्थर रोस्लर या मित्राचे त्यांनी १९१४ मध्ये केलेले व्यक्तिचित्र त्यांच्या मोजक्या मुद्राचित्रांपैकी एक आहे.

प्रारंभिक जीवन
शीले यांचा जन्म डॅन्यूब नदीकाठच्या टुल्न गावी झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. शीले चौदा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. १९०६ मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या कला अकादमीत प्रवेश घेतला. परंतु तेथील पारंपरिक शिक्षणाला कंटाळून १९०९ मध्ये ते बाहेर पडले. या काळात चित्रकार गुस्ताव क्लिम्ट यांचे त्यांना मार्गदर्शन लाभले.

रोस्लर यांच्याशी मैत्री
१९०९ च्या अखेरीस भरलेल्या प्रदर्शनामुळे रोस्लर यांचे लक्ष शीले यांच्याकडे गेले. त्यांनी शीले यांच्यावर लेख लिहिले आणि संग्राहकांशी त्यांची ओळख करून दिली. १९१० मध्ये शीले यांनी त्यांचे तैलचित्र रंगविले. १९१२ मध्ये नॉयलेंगबाख येथे शीले यांना अटक झाली. अल्पवयीन मुलीसंबंधीचे गंभीर आरोप टिकले नाहीत; मात्र अश्लील चित्रे मुलांच्या दृष्टीस पडू दिल्याबद्दल ते दोषी ठरले. त्यांना एकूण २४ दिवस कोठडीत काढावे लागले.

मुद्राचित्रे
१९१४ मध्ये शीले आर्थिक अडचणीत होते. एका पट्टीवरून अनेक प्रती काढून विकता येतील, या विचाराने रोस्लर यांनी त्यांना मुद्राचित्रणाकडे वळविले. रॉबर्ट फिलिपी यांच्याकडून शीले ड्रायपॉइंट तंत्र शिकले. या तंत्रात आम्लाचा वापर न करता धातूच्या पट्टीवर थेट सुईने रेघा कोरतात. रेघेच्या कडेला उचलला गेलेला धातू शाई धरून ठेवतो, त्यामुळे छापात रेघ मऊ व गडद उमटते. मात्र ही कड लवकर झिजत असल्याने चांगल्या प्रती थोड्याच निघतात. रोस्लर यांच्याबरोबरच संग्राहक फ्रान्झ हाउअर यांचेही व्यक्तिचित्र शीले यांनी याच तंत्राने केले. त्यांना हे काम वेळखाऊ वाटले. तेवढ्या वेळात कितीतरी रेखाटने होत असल्याने काही महिन्यांतच त्यांनी ते सोडले.

मृत्यू व वारसा
१९१५ मध्ये एडिथ हार्म्स यांच्याशी विवाह झाल्यानंतर लगेचच शीले यांना सैन्यात दाखल व्हावे लागले. मार्च १९१८ मधील व्हिएन्ना सेसेशनच्या प्रदर्शनाने त्यांना मोठे यश मिळवून दिले. त्याच वर्षी स्पॅनिश फ्लूच्या साथीत गरोदर पत्नीचे २८ ऑक्टोबर रोजी निधन झाले. तीन दिवसांनी, वयाच्या २८ व्या वर्षी, शीलेही मरण पावले.

त्यांच्या मुद्राचित्रांचा संच १९२२ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी रोस्लर यांनी शीले यांची तुरुंगातील दैनंदिनी म्हणून एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते बहुतांशी रोस्लर यांनीच लिहिले असावे, असे अभ्यासक मानतात. छळ सोसणारा कलावंत ही शीले यांची प्रतिमा रूढ होण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.