पहाटेची शाळा

मैत्रिणींनो, पंडिता रमाबाईंचं नाव आपण सगळ्यांनीच शाळेच्या पुस्तकात वाचलंय. पण लहानपणी त्या स्वतः कुठल्याच शाळेत गेल्या नव्हत्या, हे कितीजणींना माहीत आहे? त्यांची शाळा म्हणजे त्यांची आई, आणि शाळेची वेळ भल्या पहाटेची!

हे सगळं आत्ता काढून वाचायला बसले, त्याला कारणही तसंच आहे. आमच्या मिरजगावच्या घरात यंदा अशीच एक शाळा भरणार आहे. माझी नात तिसरीत जायची. पण मोठ्या आजारपणातून उठलीय, आणि वर्षभर तिला वर्गात, गर्दीत पाठवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. सून दिवसभर शिलाई मशीनवर, मुलगा कामावर. मग शिकवायचं कुणी, कधी आणि काय? वर्ष वाया जाईल, ही धास्ती घरात सगळ्यांनाच. म्हटलं, आधी एखादी अशी बाई शोधू, जिनं हे निभावलंय. तेव्हा आठवल्या रमाबाईंच्या आई, लक्ष्मीबाई डोंगरे.

त्यांची कहाणी विलक्षण आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकायला होते. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस इतकं छान संस्कृत म्हणू शकते, हे पाहून अनंतशास्त्र्यांनी मनाशी ठरवलं, आपणही घरच्या बाईला शिकवायचं. पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी दुसरं लग्न केलं. नवरी नऊ वर्षांची! आज ऐकून अंगावर काटा येतो, पण त्या काळी ते चालत असे. या मुलीला मात्र त्यांनी खरंच शिकवलं. भाऊबंद चिडले. बायकोला देवभाषा शिकवल्याबद्दल उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी शास्त्राचेच दाखले देऊन सगळ्यांना गप्प केलं. पुढे गावातला जाच नको म्हणून बिऱ्हाड हलवलं ते थेट गंगामूळच्या रानात. हे ठिकाण पश्चिम घाटात, आजच्या कर्नाटकात आहे. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या.

घरात विद्यार्थी, पाहुणे, यात्रेकरू यांचा राबता. दानधर्मात पैसा संपत गेला आणि रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तान्ही रमा वेताच्या पेटाऱ्यात, गड्याच्या डोक्यावर! त्यानंतर घर असं कधी राहिलंच नाही. एका क्षेत्री काही महिने राहायचं, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर भागवायचं, की पुन्हा चालू लागायचं.

रमा शिकायच्या वयाची झाली तोवर वडील थकले होते. म्हणून आठव्या वर्षापासून आईनं शिकवायला घेतलं, ते साधारण पंधराव्या वर्षापर्यंत. दिवसभर स्वयंपाकपाणी, आल्यागेल्याचं बघणं, मग पोरीला वेळ कधी द्यायचा? लक्ष्मीबाईंनी पहाट निवडली. झोपेत पेंगणाऱ्या लेकीला गोंजारून उठवायचं, मांडीशी बसवायचं आणि पक्षी किलबिलायला लागले की धडा सुरू. पुस्तक नाही, पाटी नाही. आई म्हणणार, लेक मागून म्हणणार. अशानं बाराव्या वर्षापर्यंत रमाला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले होते, असं सांगतात.

घरात बोलणं मराठीतच. आईवडील शुद्ध मराठी बोलायचे, मराठी पुस्तकं वाचायची, ते ऐकून भाषा पक्की झाली. कन्नड, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा वाटेत, माणसांत मिसळून आल्या. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलंय, की आईनं आपलं मन असं तयार केलं की नंतर फारशी कुणाची मदत न घेता आपलं आपण शिकता आलं.

या एका गोष्टीवर मी आणि सून दोघी बराच वेळ बोलत होतो. तिसरीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपवणं, एवढंच आपण डोळ्यापुढे धरलं होतं. पण वर्षअखेर पोरगी न समजलेलं पुन्हा वाचायला, शब्द शोधायला, विचारायला शिकली, तर ती कुठल्याही वर्गात बसू शकेल.

मग आमची आखणी सुरू झाली. शाळा भरायची वेळ सकाळी साडेसहा ते साडेसात, सूनबाई मशीनवर बसायच्या आत. या तासात फक्त मराठी आणि गणित, कारण रोज हात फिरला नाही तर हे दोन विषय मागे पडतात. पाढे आणि कविता आधी तोंडी, मग वहीत. दुपारी झोप झाल्यावर अर्धा तास इंग्रजी किंवा परिसर अभ्यास, तो माझ्याकडे. रात्री जेवणानंतर नातीनं मोठ्यानं वाचायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. आजारातून उठलेल्या मुलाला एवढं पुष्कळ झालं. शाळेचे पाच तास घरात आणायची गरजच नाही, कारण इथं एका मुलामागे एक माणूस आहे.

वर्षाचे तीन भाग केले. जून ते दिवाळी, दिवाळी ते संक्रांत, संक्रांत ते एप्रिल. प्रत्येक भागाला काय आलं पाहिजे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. रविवारी सुट्टी. दर भागात एक आठवडा मोकळा ठेवलाय. मूल आजारी पडणार, घरात लग्नकार्य निघणार, हे धरूनच चालायचं.

इथवर सगळं लक्ष्मीबाईंच्या शाळेसारखं. पण त्या शाळेत काय नव्हतं, हेही बघायला हवं, कारण रमाबाईंच्या घरानं त्याची फार मोठी किंमत मोजली.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पैसा संपला, पुराण ऐकायला कुणी उरलं नाही. घरात एवढी विद्या, पण पोट भरायचं एकही काम कुणाला येत नव्हतं. शास्त्राबाहेरचं काही शिकवायचं नाही, असाच त्या घराचा दंडक होता. मोलमजुरी करावी तर सवय नाही, भीक मागावी तर लाज आडवी येते. रानातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, पाठोपाठ थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी हिंडले.

१८७८ मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता, सरस्वती या पदव्या दिल्या. पहाटेची शाळा अशी फळाला आली! पण सुख थोडंच. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पटकीनं नवराही गेला. तेविसाव्या वर्षी कडेवर पोर घेऊन बाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, असं ठणकावून सांगितलं. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथं ख्रिस्ती धर्म घेतला, त्यावरून इकडे मोठं वादळ उठलं. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई फिलाडेल्फियात हजर होत्या. तिथंच त्यांनी बालवाडीची, म्हणजे किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली. लहान मूल हातानं करून, खेळून शिकतं, हे त्यांना मनापासून पटलं. नुसत्या पाठांतरावर वाढलेल्या बाईला हे पटावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढे ते पुण्याला आलं. मग केडगावला मुक्ती सदन. हे केडगाव आपल्या अहिल्यानगरजवळचं नव्हे बरं का, दौंड तालुक्यातलं. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळातल्या शेकडो पोरीबाळी रमाबाईंनी तिथं आणल्या. त्यांना काय शिकवलं? लिहिणं-वाचणं तर आलंच, पण त्याबरोबर विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना! शिकलेल्या बाईच्या हाताला काम हवंच, हा धडा त्यांनी आईबापांच्या मरणातून घेतला होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर त्यांनी हे काम सोडलं नाही.

म्हणून आमच्या वहीत एक पान हाताच्या कामाचं आहे. बटण लावणं, टेपनं कापड मोजणं, किराणाच्या यादीची बेरीज, बाजाराच्या दिवशी आणलेल्या भाजीचं वजन आणि हिशेब. पाऊस किती पडला ते बाटलीत मोजून रोज लिहायचं. आमच्या कर्जत तालुक्यात पावसाचं मोल पोरांना सांगावं लागत नाही, पण मोजायला शिकवावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे शेतावर जाऊन ज्वारी केवढी झाली ते बघायचं, चित्र काढायचं. डॉक्टर हो म्हणाले तर हिवाळ्यात रेहेकुरीला काळवीट बघायला जायचं.

दुसरं पान माणसांचं. रमाबाईंच्या लहानपणात बरोबरीच्या मैत्रिणी फारशा दिसत नाहीत. घरी शिकणाऱ्या मुलाचं खरं दुखणं हेच, एकटेपणा. नात दर शनिवारी वर्गातल्या मैत्रिणीला पत्र लिहिणार, तेवढाच लेखनाचा सराव. कुणाला सर्दी-खोकला नसेल तर रविवारी दोघी-तिघी अंगणात खेळायला येणार.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. शाळेतून नाव काढू नका. डॉक्टरांचा कागद घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, पुस्तकं घ्या, चाचणीचे पेपर घरी सोडवता येतील का ते विचारा. काही कारणानं नाव निघालंच, तरी घाबरून जाऊ नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो.

मूल घरी राहायची वेळ कुणाच्याही घरात येऊ शकते. कधी आजारपण, कधी ऊसतोडीला जाणं, कधी बदली. तेव्हा आधी मोठमोठी पुस्तकं आणि महागडे क्लास शोधू नका. तुमच्या दिवसातला एक तास शोधा, जो कुणीही मागणार नाही. लक्ष्मीबाईंना तो पहाटे सापडला. तुम्हाला कदाचित दुपारी भांडी झाल्यावर सापडेल. तो तास मात्र रोज, न चुकता मुलाला द्या.